मोत माऊलीला पहिल्यांदा जाताय?

मोत माऊलीला, म्हणजे मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला, पहिलंच जाणं असेल तर सप्टेंबरची जत्रा टाळा. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होते आणि आठवडाभर वांद्र्याच्या त्या टेकडीवर पाय ठेवायला जागा नसते. जत्रेची मजा वेगळीच, पण ती दुसऱ्या खेपेला. आधी एखाद्या साध्या दिवशी सकाळी जा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- गाडी नेतात. वांद्रे पश्चिमेला उतरून सरळ रिक्षा करा.
- मिसा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, चालू असताना फोटो काढत फिरतात. मागच्या बाकावर शांत बसा, कुणी धर्म विचारत नाही. कोळी बायका, गुजराती कुटुंबं, सगळेच येतात.
- मेणबत्ती नुसतीच घेतात. बाहेर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मिळतात. ज्याचा नवस, त्याचा आकार. मी पहिल्यांदा उगाच पाय घेतला होता!

आत्ताची इमारत १९०४ची, मूर्ती मात्र कितीतरी जुनी. समोर रस्त्यापलीकडच्या पायऱ्यांवर थोडं थांबा, अरबी समुद्राचा वारा लागतो. मग चालत बँडस्टँडला उतरा आणि टोकाच्या किल्ल्यावरून सी लिंक बघा.

बाकीचं परत आल्यावर विचारा.