टॅरँटुलाच्या पेटीतल्या रोपांना खत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे 'कॅरिबेना व्हर्सिकलर' जातीचा टॅरँटुला (मोठा केसाळ कोळी) आहे. ३० × ३० × ४५ सेंटिमीटरच्या काचेच्या टेरेरियममध्ये त्याच्यासोबत मनी प्लांट लावला आहे. खालची पानं पिवळी पडताहेत, नवी पानं बारीक येताहेत. घरात २४-८-१६ (नत्र, स्फुरद, पालाश यांची टक्केवारी) खताची विरघळणारी पूड आहे. पाकिटावर घरातल्या झाडांसाठी 'गॅलनला अर्धा टीस्पून' (गॅलन म्हणजे सुमारे ३.८ लिटर) असं लिहिलं आहे. कोळ्याला अपाय न होता ती देता येईल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : देता येईल, पण पेटीत ओतून नाही. आणि त्याआधी खत खरंच कमी पडतंय का, हे बघा. नवी पानं बारीक आणि दोन पानांमधलं खोड लांबट झालं असेल, तर प्रकाश कमी पडतोय. माती सतत ओली आणि मुळं तपकिरी, मऊ असतील, तर पाणी जास्त होतंय. मुळं पांढरी, टणक आहेत, उजेड पुरेसा आहे आणि तरीही जुनी पानं पिवळी पडताहेत, तेव्हाच नत्राकडे बोट दाखवता येतं. तुमच्या वर्णनावरून आम्हाला आधी प्रकाशाचा संशय येतो. ६५०० केल्विनचा, म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड देणारा एलईडी दिवा रोज १० ते १२ तास लावून महिनाभर वाट बघा. ही जात झाडावर राहणारी, तिचं जाळं वरच्या कोपऱ्यातच असतं. म्हणून दिव्याची उष्णता झाकणाखाली साठत नाही ना, हे थर्मामीटर तिथेच ठेवून तपासा आणि सावलीसाठी कॉर्कच्या सालीची उभी नळी असू द्या.

खताची अडचण अशी की पेटीला खाली भोक नसतं. पाणी उडून जातं, क्षार मातीतच राहतात आणि दर वेळी वाढत जातात. शिवाय तुमच्या पुडीतलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं. ओल्या मातीतले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. मार्टिनिक बेटावरच्या या कोळ्याला कोंदट हवा मुळीच सोसत नाही, त्यामुळे त्याच्या पेटीत अमोनिया साठू देणं धोक्याचं. पानांवर खताची फवारणी तर कधीच करू नका, कारण तो पानांवरचे आणि काचेवरचे थेंब पितो.

सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे कुंडीत कुंडी. बिनभोकाची बाहेरची कुंडी पेटीच्या मातीत कायमची पुरायची, तिच्या तळाशी दोन सेंटिमीटर मातीच्या भाजलेल्या गोळ्या घालायच्या आणि रोप भोकं असलेल्या ९ सेंटिमीटरच्या आतल्या कुंडीत लावायचं. दोन्ही काठांमधली फट स्फॅग्नम शेवाळाने बुजवा, नाहीतर कोळ्याला खायला सोडलेले क्रिकेट किडे तिथे जाऊन मरतात आणि कुजतात. खत द्यायच्या दिवशी आधी कोळी झाकणाच्या बरणीत घ्या. हा चपळ असतो, उडीही मारतो, म्हणून खोलीचं दार लावून घ्या. मग कुंडी उचलून सिंकमध्ये न्या. एक गॅलन पाण्यात १/८ टीस्पून पूड विरघळवा, म्हणजे पाकिटावरच्या मात्रेच्या पाव. त्यातलं साधारण १०० मिलिलिटर मातीवर हळूहळू घाला, खालून पाणी गळू द्या. रात्रभर निथळल्यावर पानं आणि कुंडीचा काठ ओल्या फडक्याने पुसून कुंडी परत ठेवा. उन्हाळ्यात दोन महिन्यांतून एकदा पुरे, हिवाळ्यात बंद. दर तिसऱ्या वेळी खताऐवजी लिटरभर साधं पाणी कुंडीतून जाऊ द्या, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

कोळ्याने जाळ्याने कुंडीच गुंडाळून टाकली असेल, तर ती ओढून काढू नका. जाळं फाटण्यापेक्षा रोप पिवळं राहिलेलं बरं. फारच गरज असली तर पाण्याची वाटी बाहेर काढा आणि बिनसुईच्या सिरिंजने तेच पातळ द्रावण १५ मिलिलिटर, थेट खोडाच्या बुडाशी सोडा. कोळी कात टाकण्याच्या बेतात असेल, तर काहीच करू नका. कात टाकल्यावर विषदंत पांढरे दिसतात, मग लालसर होतात. ते काळे होईपर्यंत पेटीला हात लावू नये.

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरी पापडी आणि पानांची टोकं करपलेली दिसली, की क्षार वाढले असं समजा. मातीत स्प्रिंगटेल (कुजकं खाऊन माती साफ ठेवणारे बारीक जीव) सोडले असतील तर ते एकाएकी नाहीसे होणं ही त्याहून लवकरची खूण. जमिनीवर राहणारा टॅरँटुला माती सोसेनाशी झाली की काचेवर चढून बसतो. तुमचा मुळातच वर राहणारा, त्यामुळे त्याच्याकडून ही सूचना मिळणार नाही. पाय पोटाखाली दुमडू लागले किंवा चाल झटके दिल्यासारखी झाली, तर लगेच ओला टिशू आणि पाण्याची वाटी ठेवलेल्या, भोकं पाडलेल्या स्वच्छ डब्यात हलवा, आणि सगळी माती बदला.

प्रश्न : रासायनिक नको असेल तर गांडूळखत, निंबोळी पेंड, माशांचं द्रावण यांपैकी काय चालेल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पूर्ण मुरलेलं, मातीचा वास येणारं गांडूळखत चालेल. रोप लावताना मुळांखाली एक टेबलस्पून, वरून तीन-चार सेंटिमीटर कोकोपीट, एवढंच. कच्चं असेल तर चिलटं आणि माइट पेटीत शिरतात. माशांच्या द्रावणाच्या वासाला माश्या येतात, बुरशीही धरते, ते नको.

निंबोळी पेंडीला आमचा ठाम नकार आहे. नैसर्गिक म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तिच्यातलं ॲझाडिरॅक्टिन कीटकांच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांत बिघाड करतं, आणि कोळ्याचं कात टाकणंही त्याच जातीच्या संप्रेरकांवर चालतं. तयार मातीच्या पिशवीवर घटकांत 'नीम केक' लिहिलेलं असलं तर ती पिशवी बाल्कनीतल्या झाडांसाठी ठेवा. खरं तर कोळ्याची विष्ठा आणि किड्यांचे उरलेले तुकडे स्प्रिंगटेल आणि आयसोपॉड (तसेच कुजकं खाणारे, कवचाचे छोटे जीव) पचवत असतील, तर एखाद्या मनी प्लांटला तेवढं नत्र बहुधा पुरतं.

प्रश्न : नर्सरीतून आणलेलं रोप धुऊन थेट पेटीत लावलं तर?

उत्तर : नको. मातीत पिवळसर, मोहरीएवढे गोल दाणे दिसतात, ते सावकाश विरघळणारं खत असतं. ते मातीसकट काढून टाकता येतं. पण आंतरप्रवाही कीटकनाशक धुऊन जात नाही. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध रोपाच्या रसातच भिनलेलं असतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. ते पान क्रिकेटने कुरतडलं आणि तो क्रिकेट कोळ्याने खाल्ला, की विष पुढे पोचलं. गुलाबासाठीच्या काही 'टू इन वन' खतांतही हेच औषध मिसळलेलं असतं, त्यामुळे खताच्या डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय तो पेटीजवळ आणू नका. फवारणी न केलेल्या घरच्या वेलीचं एक पेर कापून पाण्यात ठेवलं तर दोन-तीन आठवड्यांत मुळं फुटतात. पेटीत लावायला तेच रोप घ्या.