वजन उतरल्यावर उत्साह का ओसरतो?

"किती दिवस हे असंच करत बसायचं ओ मॅडम?" सत्तेचाळीस वर्षांच्या एका ताईंचा हा प्रश्न. दहा महिन्यांत वजन ८१ वरून ७२ किलोवर आणलेलं. मग भोगी, संक्रांत, सोलापूरच्या होम मैदानावरची गड्डा यात्रा झाली आणि काटा ७४.६ वर गेला. तेव्हापासून वजनकाटा पलंगाखाली. वहीत आठ जानेवारीपर्यंत निळ्या शाईच्या नेटक्या नोंदी, पुढची पानं कोरी.

हा आळस नाही, हे आधी सांगावं लागलं. वजन उतरत असताना "बारीक झालात की!" असं चार जण म्हणतात, तीच कष्टांची मजुरी असते. वजन स्थिरावलं की कौतुक थांबतं, कष्ट मात्र तेवढेच. त्यात ७२ किलोच्या शरीराला ८१ किलोच्या शरीरापेक्षा कमी ऊर्जा लागते. चरबी घटल्यावर भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं, भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, आणि हा बदल वर्षभरही टिकू शकतो. म्हणजे पाठीवरची थाप थांबते नेमकी तेव्हाच भूक जास्त लागते.

मग हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. २.६ किलो चरबी चढायला रोजच्या गरजेपेक्षा २० हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील. आठवडाभराच्या सणात एवढं होत नाही. बरंचसं मिठाने आणि पिठूळ-गोड खाण्याने धरलेलं पाणी होतं. नेहमीचं जेवण सुरू केल्यावर दहा दिवसांत काटा ७३.१ वर आला.

त्यानंतर 'आणखी उतरवायचं' हे ध्येय सोडून वजन कुठपर्यंत चालेल तो पट्टा ठरवला. दर शनिवारी सकाळी उपाशीपोटी, शौचाला जाऊन आल्यावर वजन. ७३.५ पर्यंत काहीच बदलायचं नाही. त्यापुढे गेलं की आधीच लिहून ठेवलेलं दोन आठवडे करायचं. ताईंच्या घरात खरी गळती शेंगाचटणीत होती. कडक भाकरी मोडत मोडत किती झाली कळत नाही, आणि चटणीवर बाटलीतून तेलाची धार. म्हणून भाकरी आधी मोजून ताटात, चटणी दोन चहाचे चमचे, वर तेल एकच चमचा. त्या एका चमच्याच्याच ४० कॅलरी होतात.

चालणं दर वर्षी मार्चमध्ये बंद पडायचं. सोलापुरात पारा चाळिशी गाठतो, संध्याकाळीसुद्धा रस्ता भाजतो. इथे मनाला दोष देण्यात अर्थ नाही, वेळ बदलावी. उन्हाळ्यात सकाळी सहाला सिद्धेश्वर तलावाकडे अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. जमलं नाही तर घरातच दहा-दहा मिनिटं तीनदा. आठवड्यातून दोनदा खुर्चीतून हात न टेकता उठबस, दहाचे तीन फेरे, स्नायू टिकावेत म्हणून.

"आजचा दिवस बिघडलाच, आता सोमवारपासून" हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. त्या दिवसासाठी किमान काम ठरलेलं हवं: दहा मिनिटं चालणं आणि वहीत एक ओळ.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. चोरून खूप खाणं किंवा खाऊन उलटी काढणं होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

मे महिन्यात एका शनिवारी ताईंचा काटा ७३.८ आला. वहीत त्याच निळ्या शाईत पुढची ओळ होती: "दोन आठवडे. तेल चमच्याने."