गाडीची केबिन गार ठेवायची तर

पहिलाच उन्हाळा ना तुझा ट्रकवर? मे महिन्यात सोलापुरात पारा 43 ला टेकतो, तेव्हा दुपारी गाडी लावताना तोंड पूर्वेला कर. समोरची काच पश्चिमेला राहिली की स्टिअरिंगला हात लावायची सोय राहत नाही. दोन्ही काचा चार बोटं खाली ठेव. मी नवा असताना काचा बंद करून पंख्याखाली झोपलो आणि उकडलेल्या बटाट्यासारखा उठलो! खरी मजा ओल्या टॉवेलची. आपला सोलापुरी टेरी टॉवेल भिजवून, पिळून वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीत अडकव. हवा कोरडी, म्हणून पाणी भराभर उडतं आणि झुळूक गार लागते. भिवंडीच्या दमट हवेत मात्र हे फारसं चालत नाही. टपावर ओलं बारदान टाक, तासाभराने पुन्हा भिजव.