कॅनडातल्या ऑन्टारियोत बर्फात गाडी चालवताना पहिलं तिकीट (दंडाची नोटीस) मिळालं तर

घाबरू नका, पण घाईने दंडही भरू नका. दंड भरला म्हणजे गुन्हा कबूल केला. केअरलेस ड्रायव्हिंगला (निष्काळजीपणे गाडी चालवण्याला) 6 डिमेरिट पॉइंट (लायसन्सच्या नोंदीवर चढणारे दोषांक) लागतात, शिवाय इन्शुरन्स महागतो.

- 15 दिवसांत उत्तर द्या. नवखे इथेच चुकतात.
- सोय असेल तिथे 'अर्ली रिझोल्यूशन' (खटल्याआधीची भेट) मागा. प्रॉसिक्यूटरशी (सरकारी वकिलाशी) बोलून आरोप सौम्य होऊ शकतो.
- रस्त्याचे आणि टायरचे फोटो लगेच काढा.

"रस्ता निसरडा होता" एवढंच म्हणाल, तर "मग वेग का नाही कमी केलात?" हा प्रश्न येणारच. वेग किती उतरवला, पुढच्या गाडीपासून अंतर किती राखलं, विंटर टायर होते का, हे दाखवा. खरी मदार त्यावरच.

जी-टू (नवख्या चालकांचं दुसऱ्या टप्प्यातलं) लायसन्स असेल तर आधी पॅरालीगलला (अशी प्रकरणं लढवणाऱ्या परवानाधारक कायदा-सल्लागाराला) गाठा: 4 किंवा अधिक पॉइंटच्या एकाच गुन्ह्यातही ते 30 दिवस निलंबित होऊ शकतं.