लेबलावर मावेल तोच लोगो

प्रश्न : नमस्कार ताई. मी चिपळूण तालुक्यातल्या एका गावात राहते. सासूबाई आणि मी मिळून कोकम आगळ, सरबत, अमसुलं, आंबापोळी आणि कुळथाचं पीठ करतो. आजवर माल ओळखीतच जायचा, मुंबईचे चाकरमानी परत जाताना घेऊन जायचे. आता 'कोकण मेवा' या नावाने रीतसर धंदा सुरू करायचाय. एकाने लोगोचे दोन हजार सांगितले, तर एका एजन्सीने लोगो आणि वेबसाइट मिळून पंचाहत्तर हजार. मधल्या काळात भाच्याने मोबाइलवर एआय वापरून एक लोगो केला. त्यात माड, समुद्र, होडी, मावळता सूर्य, आंबा आणि कोकमाची फळं आहेत. घरात सगळ्यांना आवडला. मला मात्र तो बाटलीवर बरा दिसत नाही, आणि का ते सांगता येत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : सुरुवात बाटलीपासून करा. तुमच्या मनात जे खटकतंय ते अगदी योग्य आहे, आणि ते तुमचं तुम्हालाच पडताळून पाहता येईल. आगळाची अर्ध्या लिटरची बाटली घ्या आणि तिच्याभोवती कोरा कागद गुंडाळून लेबलाच्या मापाने कापा. आता त्यावर पेन्सिलीने कायद्याने लिहावंच लागतं ते सगळं लिहून काढा. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेचं चिन्ह आणि तिचा १४ आकडी क्रमांक, शाकाहारी पदार्थाचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. पोषणमूल्यांचा तक्ता लागत असेल तर त्याचीही जागा सोडा. एवढं झाल्यावर समोरच्या बाजूला लोगोसाठी जेमतेम दोन-तीन बोटं जागा उरते. त्या दोन बोटांत भाच्याची होडी आणि सूर्य म्हणजे रंगांचा चिखल होतो. तुम्हाला खटकतंय ते हेच.

दुसरी गोष्ट, बाटली गोल असते. ग्राहकाला एका वेळी लेबलाचा समोरचा पट्टाच दिसतो. त्यामुळे नाव लांबलचक आडवं लिहिलं तर अर्धं मागे वळतं. नाव दोन ओळींत बसवा किंवा छोटं ठेवा. आणि आगळाचा मूळ रंगच इतका गडद लाल आहे की पारदर्शक स्टिकरवर काळी किंवा जांभळी अक्षरं वाचताच येत नाहीत. पांढरी पट्टी ठेवून त्यावर अक्षरं घ्या. माझ्या मते कोकमाचं एक फळ, आडवं कापलेलं, एकाच रंगात, एवढं चित्र पुरे. पण चित्र नसलं तरी काही अडत नाही, सुंदर काढलेली अक्षरं हाच उत्तम लोगो असतो. कोकणात माड आणि होडी नसलेला लोगो शोधायला गेलात तर सापडणार नाही, म्हणून तुम्ही ती घालू नका, एवढं मी आग्रहाने सांगेन.

भाच्यावर रागावू नका, कल्पना सुचायला ते साधन चांगलं आहे. पण त्यातून सहसा जे मिळतं ते ठिपक्यांचं चित्र असतं, मोठं केलं की फाटतं. शिवाय देवनागरीत वेलांटी तुटणं, जोडाक्षर भलतंच होणं हे प्रकार त्यात अजून होतात. तुमच्या नावातला 'ण' आणि 'मे'ची मात्रा भिंगाखाली धरून बघा.

आता नावाबद्दल. हे लोगोच्या आधी सांगायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल, पण बाटली डोळ्यांपुढे असली की हे जास्त पटतं. 'कोकण मेवा' हे सगळ्या कोकणाचं नाव आहे. महामार्गावरच्या कितीतरी दुकानांवर तुम्हाला ते दिसेल. ट्रेडमार्क कायदा १९९९ प्रमाणे मालाचं नुसतं वर्णन करणारं किंवा तो कुठला ते सांगणारं नाव एकट्याच्या नावावर नोंदवणं अवघड जातं. उद्या शेजारच्या तालुक्यात कुणी त्याच नावाने आगळ काढलं, त्याला बुरशी आली, तर शिव्या तुम्हालाही बसतील आणि तुम्हाला त्याला अडवता येणार नाही. घराचं नाव, वाडीचं नाव, आजीच्या तोंडचा एखादा शब्द, असं काही घ्या जे तुमचंच आहे. मग ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट शोध घेता येतो, तो देवनागरी आणि रोमन दोन्ही स्पेलिंगांनी घ्या.

नोंदणीचं शुल्क व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्ज केला तर दर वर्गामागे ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. 'दर वर्गामागे' हे शब्द नीट वाचा, वर्ग म्हणजे मालाचा प्रकार. तुमची अमसुलं २९व्या वर्गात, कुळथाचं पीठ ३०व्यात आणि सरबत ३२व्या वर्गात मोडतं. तिन्हींचे पैसे आज भरायची गरज नाही, ज्याचा खप सर्वांत जास्त त्या वर्गापासून सुरुवात करा. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते. अर्ज मंजूर होईपर्यंत नावापुढे 'टीएम' लिहा. गोलातला 'आर' नोंदणी झाल्याशिवाय वापरायचा नाही, ते कायद्याला चालत नाही. तसंच, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. तुमचा माल त्याच मातीतला असला तरी मानांकनाचं चिन्ह लेबलावर घेण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करावी लागते. ती करा, कारण तुमच्या लेबलावरची ती फार मोलाची जागा ठरेल.

दोन हजार की पंचाहत्तर हजार? मी कुणाचा दर चूक ठरवणार नाही, पण हातात काय मिळणार ते आधी कागदावर घ्या. कोकणातल्या किंवा कोल्हापुरातल्या कुठल्याही प्रेसमध्ये गेलात की पहिला प्रश्न असतो, 'सीडीआर फाइल आहे का?' म्हणजे कोरल ड्रॉची मूळ फाइल, अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या रेषांत बदललेली. कर्व्ह केली नाहीत आणि तो फॉन्ट प्रेसवाल्याकडे नसला तर तुमचं नाव भलत्याच अक्षरांत छापून येतं. त्यामुळे सीडीआर किंवा एआय (ही इलस्ट्रेटरची फाइल, भाच्याचं एआय नव्हे), पीडीएफ, वेबसाइटसाठी एसव्हीजी, आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एवढं मागाच. रंगीत, नुसता काळा आणि नुसता पांढरा असे तीन अवतारही हवेत. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करायचं ठरलं की प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, तेव्हा एका रंगातला लोगो तुमचे पैसे वाचवतो. मोबाइलवर झगझगीत दिसणारा जांभळा चार रंगांच्या छपाईत मरगळतो, म्हणून हजार स्टिकर छापण्याआधी एकाच स्टिकरचा नमुना त्याच कागदावर काढून घ्या. आणि स्टिकर क्रोमो कागदाचा घेऊ नका. फ्रिजमधली बाटली बाहेर आली की तिला घाम येतो, कागद भिजतो आणि कोपरे सुटतात. पाण्याला दाद न देणारा प्लॅस्टिकचा स्टिकर थोडा महाग पडतो, पण आगळाला तोच हवा.

आणखी एक कागद. बाहेरच्या चित्रकाराकडून लोगो करून घेतला, पैसे दिले, म्हणजे त्याचा हक्क आपोआप तुमचा झाला असं नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्क लेखी, सहीनिशी तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर तो पाच वर्षांपुरताच धरला जातो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. तेव्हा 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांसाठी' असे शब्द घालून एक पान लिहा आणि पैसे देताना त्यावर सही घ्या. एजन्सीला हे विचारलंत आणि तिने टाळाटाळ केली, तर तिच्याकडे जाऊ नका.

वेबसाइट आत्ता एका पानाचीच करा. तुमच्याकडे पाच पदार्थ आहेत. प्रत्येकाचा एक खरा फोटो, खिडकीशी सकाळच्या उजेडात काढलेला, वजन, भाव, किती दिवस टिकतं, कुरिअरचा खर्च कोणाचा, आणि व्हॉट्सअॅपवर ऑर्डर द्यायचं बटण. खाली तुमचं नाव, पूर्ण पत्ता, फोन, एफएसएसएआय क्रमांक आणि तक्रार कोणाकडे करायची ते. पेमेंटची व्यवस्था, लॉगिन, सवलतीचे कुपन हे सगळं मागाहून. आगळ आणि सरबत यात फरक काय, सोलकढीला कोणतं घ्यायचं, हे चार ओळींत लिहा. मुंबईतल्या नव्या पिढीला तो प्रश्न पडतोच, आणि तुमच्या सासूबाईंइतकं नेमकं उत्तर कुठलीही एजन्सी लिहू शकणार नाही. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टांतून उचललेला मजकूर वेबवर अगम्य चिन्हं होऊन दिसतो, आणि चित्रात लिहिलेली अक्षरं शोधणाऱ्याला सापडत नाहीत. लोक 'कोकम' हा शब्द रोमन लिपीतही शोधतात, तो दोन-तीन स्पेलिंगांनी पानात असू द्या.

फक्त फुकटच्या जागेवर विसंबू नका. गुगल आपल्या बिझनेस प्रोफाइलसोबत छोटी वेबसाइट मोफत द्यायचं, ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली आणि ज्यांनी तोच पत्ता पिशव्यांवर छापला होता त्यांच्या पिशव्या वाया गेल्या. नकाशावरची नोंद मात्र अजून मोफत आहे, ती जरूर करा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या ईमेलवर घ्या. पहिल्या वर्षाचा स्वस्त भाव बघून हुरळू नका, नूतनीकरणाचा भाव विचारा. राहता राहिला कर. महाराष्ट्राबाहेर माल पाठवायचा असेल तर उलाढाल थोडी असली तरी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. वेबसाइट उघडली की बेळगाव आणि पणजीहून ऑर्डरी येणारच, तेव्हा आधी सीएशी बोलून घ्या.

प्रश्न : नाशिकमध्ये बेकरी काढतोय. नाव इंग्रजी आहे. डिझायनर म्हणतो, मराठी अक्षरं घातली की लोगोचा लूक जातो, मराठी खाली बारीक टाकू. तुमचं मत?

उत्तर : आधी कायदा. महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी लागू झाली. मराठी नाव सुरुवातीला हवं आणि त्याची अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तीही केव्हाच संपली. त्यामुळे 'खाली बारीक' हा पर्याय पाटीवर उरलेलाच नाही.

पण मला कायद्याहून जास्त राग 'लूक जातो' या बोलण्याचा येतो. लूक जातो, कारण इंग्रजी अक्षरं मन लावून काढलेली असतात आणि मराठी संगणकावरच्या पहिल्या फॉन्टात टाकलेली असतात. देवनागरीची शिरोरेषा, तिच्यावरच्या मात्रा आणि खालचे उकार यांना श्वास घ्यायला जागा लागते. ती आधी धरून मग इंग्रजी त्याशेजारी बसवली, तर दोन्ही एका घरची दिसतात. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटाचे मुक्ता, बालू, मोदक असे फॉन्ट खुल्या परवान्यावर मोफत मिळतात, बालूची गोलाई पावाच्या दुकानाला शोभेल. निवडताना 'ल' आणि 'श' बघा. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, अनेक फॉन्टांत हिंदी वळणाचेच येतात. वेबसाइट करणाऱ्यालाही पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवायला सांगा, काही फॉन्ट त्यावरूनच आपली वळणं दाखवतात. डिझायनरला म्हणा, मराठी लोगो आधी कर. तो जमत नाही म्हणाला तर दुसरा शोधा, नाशकात अक्षरांची जाण असलेले लोक आहेत.

प्रश्न : पुण्यात एसी दुरुस्तीचा धंदा आहे. वेबसाइट करून देणारा मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, फोन उचलत नाही. डोमेन त्याच्याच खात्यात आहे आणि पुढच्या महिन्यात मुदत संपते. गाड्यांवर तोच पत्ता रंगवलाय.

उत्तर : आज संध्याकाळी 'हूइज' या सेवेत आपलं डोमेन टाकून बघा. ते कोणत्या कंपनीकडे नोंदलंय आणि मुदत नेमकी कधी संपते ते कळेल. नंतर त्या मुलाला व्हॉट्सअॅप आणि ईमेल दोन्हीवर सभ्य भाषेत एकच मागणी लिहा, की डोमेन माझ्या खात्यात हलव किंवा हस्तांतराचा कोड पाठव. भांडण काढू नका. नव्या नोकरीच्या गडबडीत त्याचं इकडे लक्ष नसेल, मनात वाईट असेलच असं नाही. नूतनीकरणाचे पैसे तुम्ही भरायची तयारीही त्याच निरोपात लिहा. मुदतीआधी नूतनीकरण करून घेणं महत्त्वाचं, खात्याचा बदल त्यानंतर आठवड्याने झाला तरी चालेल. त्याला दिलेल्या पैशांच्या पावत्या, यूपीआयच्या नोंदी, डोमेनचा उल्लेख असलेले जुने निरोप एकत्र ठेवा, कंपनीकडे तक्रार करावी लागली तर तेच कामाला येतात. आणि वेबसाइटच्या सगळ्या पानांचा मजकूर, फोटो आजच उतरवून घ्या. डोमेन हाती आलं की ते तुमच्या नावावर, तुमच्या फोन नंबरावर आणि ज्याचा पासवर्ड घरात आणखी एकाला माहीत आहे अशा ईमेलवर ठेवा.