क्रोसाँ नंतर, आधी शू

पहिल्याच फटक्यात क्रोसाँच्या मागे लागू नका. आपल्याकडच्या उकाड्यात लोण्याचे थर पिठात विरघळतात आणि हाती येतो जाड पाव. सुरुवात शू पेस्ट्रीने करा, म्हणजे उकड काढून केलेल्या, भट्टीत फुगून आतून पोकळ होणाऱ्या फ्रेंच पेस्ट्रीने. क्रीम भरलेले लांबट एक्लेअर आणि गोल प्रॉफिटरोल दोन्ही त्याच पिठाचे.

125 मिली पाणी, 50 ग्रॅम बिनमिठाचं बटर, चिमूटभर मीठ एकत्र तापत ठेवा. बटर पूर्ण वितळून खळखळून उकळी आली की 75 ग्रॅम मैदा एकदम ओता आणि लाकडी उलथन्याने घोटा. मोदकाची उकड काढतो तसंच, फक्त झाकण ठेवून वाफ आणायची नाही, उलट ओल उडवायची. गोळा सुटून पातेल्याच्या बुडाला पातळ पापुद्रा धरला की उतरवा. इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं.

गोळा कोमट होऊ द्या, नाहीतर अंडी शिजतील. दोन अंडी फेटून थोडी थोडी घाला, पण शेवटचा चमचाभर राखून ठेवा. सगळी अंडी काही सारख्या आकाराची नसतात. उलथनं उचलल्यावर पीठ व्ही आकारात लोंबलं की थांबा. सैल झालेलं पीठ वरून मैदा घालून सुधारत नाही.

पिठाचे गोळे ट्रेवर घाला आणि ओव्हनमध्ये 200 अंश सेल्सिअसवर 25-30 मिनिटं भाजा. यात बेकिंग पावडर नसते, वाफच फुगवते, म्हणून कितीही मोह झाला तरी मध्येच दार उघडू नका. चांगला तांबूस रंग येऊ द्या. फिकट काढले तर बसतात. काढल्या काढल्या सुरीच्या टोकाने भोक पाडून वाफ जाऊ द्या.

क्रीम खायच्या थोडं आधीच भरा. कस्टर्ड पावडर चालते, पण अंड्याच्या बलकाची क्रेम पातिसिएर, म्हणजे फ्रेंच घट्ट कस्टर्ड, एकदा कराच.