पस्तीस आले म्हणून क्षेत्र सोडू का?

प्रिय विद्यार्थिनी,

5 ते 10 या संख्यांची बेरीज करायला तू जावात प्रोग्रॅम लिहिलास. 45 यायला हवे होते, आले 35. मैत्रिणीने तेच गणित सूत्राने एका ओळीत सोडवलं, म्हणून 'हे क्षेत्र माझं नाही का?' असं तू विचारतेस.

क्षेत्राचं नंतर बघू, आधी ते 35 बघ. कागदावर दोन रकाने आख, एकात लूपचा (म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाचा) आकडा, दुसऱ्यात बेरीज. 5 ला 5, 6 ला 11, 7 ला 18, 8 ला 26, 9 ला 35. इथेच थांबलं! 10 ची पाळी आलीच नाही, कारण अटीत तू 'पेक्षा लहान' लिहिलंस, 'लहान किंवा समान' नाही. ही चूक मुरलेल्यांकडूनही होते. जावा 8 मध्ये तर 'रेंज' शेवटची संख्या सोडते आणि 'रेंजक्लोज्ड' ती धरते, अशा दोन वेगळ्या मेथडच, म्हणजे तयार आज्ञाच, आहेत.

मैत्रिणीचं सूत्र छानच आहे: पहिली अधिक शेवटची, गुणिले एकूण किती संख्या, भागिले 2. पण 5 ते 9 साठी कुणी आधी 5 भागिले 2 करून बसलं, तर इंटमध्ये, म्हणजे जावाच्या फक्त पूर्णांक ठेवणाऱ्या प्रकारात, अडीच नाही, 2 येतात आणि 35 ऐवजी 28 मिळतात. भागाकार शेवटी करायचा.

आता एक गंमत करून बघ. बेरीज इंटमध्ये ठेवून 1 ते 65535 चालव: 2147450880. इंटची मर्यादा 2147483647, म्हणजे जेमतेम मावलं. फक्त एक पाऊल पुढे, 65536 पर्यंत जा. उत्तर येतं उणे 2147450880. तोच आकडा, चिन्ह उलटं, आणि एरर वगैरे काही नाही! बेरजेचा व्हेरिएबल लाँग, म्हणजे इंटपेक्षा मोठे पूर्णांक मावणारा प्रकार, केलास की हे टळतं.

चुकलेलं उत्तर हे क्षेत्र सोडायचं कारण मला वाटत नाही. हा असा शोध घ्यायचाच कंटाळा येत असेल, तर मात्र आपण वेगळं बोलू. माझ्याकडे येणारे बहुतेक जण 'कोणती भाषा शिकू?' एवढंच विचारतात; तू निदान आकडे घेऊन आलीस.

पुढच्या पत्राआधी एक कर. सुरुवात 10 आणि शेवट 5 दिला, तर तुझा लूप एकदाही फिरणार नाही, उत्तर 0 येईल. ते बरोबर म्हणायचं की चूक, हे तू ठरव आणि का ते मला लिही.